१४ जीबी पॅकेट कॅप्चरमध्ये 'वेतन' हा शब्द सापडतच नाही. शोधायचं कसं?

निळीशाई (धागाकर्ती) · शुक्रवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात नेटवर्क सांभाळते, जोडीला संगणक प्रयोगशाळाही. आमच्याकडे या आठवड्यात एक वाईट प्रकार झालाय. वेतनफरकाच्या पत्राचा कच्चा मसुदा गुरुवारी सकाळी निम्म्या गावाच्या फोनवर फिरत होता. त्यात साठेक कर्मचाऱ्यांची नावं आणि रकमा आहेत. व्हॉट्सॲपवर आलेली ती वर्डची फाइल कुणीतरी उघडली, गुणधर्मांत 'ऑथर' म्हणून आमच्या एका कनिष्ठ लिपिकाचं नाव दिसलं आणि दुपारपर्यंत त्यांना खुलासा मागितला गेला. त्यांचं घर संस्थेच्या आवारातच आहे. फाइलमध्ये शेवटच्या बदलाची वेळ बुधवारी ५:१२ अशी आहे, म्हणून 'पहाटे पाचला ऑफिसात दुसरं कोण असणार?' असंही बोललं गेलं. त्या माणसाचा चेहरा मला काल बघवत नव्हता.

योगायोगाने, इंटरनेट मंद आहे या तक्रारीचा शोध घेण्यासाठी मी मंगळवारपासून स्विचवर पोर्ट मिरर लावून (म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाची प्रत एका जागी वळवून) पॅकेट कॅप्चर, म्हणजे त्या डेटाच्या तुकड्यांची नोंद, चालू ठेवलं होतं. राउटर आणि फाइल सर्व्हर, दोन्हींचे पोर्ट त्यात आहेत. मंगळवार-बुधवार मिळून १४ जीबीची फाइल आहे. वायरशार्कमध्ये (पॅकेटं उलगडून दाखवणारं साधन) उघडली तर संगणक गोठतो. एकदा कशीबशी उघडली आणि 'वेतन' शोधलं, तर एकही पॅकेट नाही. 'वेतनफरक' नाही, कर्मचाऱ्यांची आडनावं नाहीत. म्हणजे फाइल आमच्या नेटवर्कवरून गेलीच नाही असं समजायचं का?

तारयंत्र · रात्री १०:२२

नाही, तसं अजिबात समजू नका. शब्द न सापडणं आणि फाइल न जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी फाइलचे तुकडे करा. वायरशार्कसोबत एडिटकॅप नावाचं साधन येतं, त्याला सुरुवातीची आणि शेवटची वेळ दिली की तेवढाच भाग वेगळा निघतो. तासातासाचे तुकडे केलेत तर साधा लॅपटॉपही पेलेल. मूळ फाइलला हात लावू नका, काम प्रतीवर करा.

दुसरं, शब्दापासून सुरुवात करू नका. कोण कोणाशी बोललं, केव्हा, कोणत्या पोर्टवर (म्हणजे सेवेच्या क्रमांकावर, स्विचचा पोर्ट नव्हे) आणि किती बाइट, एवढंच आधी बघा. स्टॅटिस्टिक्समध्ये 'कॉन्व्हर्सेशन्स' आहे, तिथे यादी मिळते. ३५-४० संगणकांच्या कार्यालयात ही यादी एका बैठकीत वाचून होते. आत काय लिहिलंय हे बहुतेक वेळा दिसतच नाही, पण पाकिटावरचा पत्ता लपवता येत नाही. हल्ली जवळजवळ सगळं पोर्ट ४४३ वर टीएलएस या सांकेतिक आवरणात गुंडाळलेलं असतं. त्यातही पहिल्या हँडशेकमध्ये (जोडणी सुरू होतानाच्या संवादात) सर्व्हरचं नाव बहुधा उघडं जातं, त्यावर फिल्टर लावता येतो.

फिल्टरबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिथेच बहुतेकांचा पाय घसरतो. कॅप्चर फिल्टर (पॅकेट टिपतानाचा) आणि डिस्प्ले फिल्टर (टिपलेलं बघतानाचा) या दोन वेगळ्या भाषा आहेत. कॅप्चर फिल्टरची भाषा टीसीपीडंप या जुन्या कॅप्चर साधनाकडून आली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८०च्या दशकाच्या शेवटी ते साधन तयार झालं आणि त्यातली फिल्टरची यंत्रणा, म्हणजे बीपीएफ, मॅककॅन आणि जेकबसन यांनी १९९३च्या निबंधात मांडली. ती कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, प्रत्येक पॅकेटवर चालते, म्हणून तिला वेग हवा आणि ती फार खोलात जात नाही. होस्ट, पोर्ट, प्रोटोकॉल, अमुक जागचा बाइट, एवढंच तिला कळतं. डिस्प्ले फिल्टर वायरशार्कचा स्वतःचा. पॅकेट पूर्ण उलगडून झाल्यावर तो चालतो, म्हणून त्याला एचटीटीपीची पद्धत, डीएनएसचं नाव, एफटीपीची (फाइली चढवण्या-उतरवण्याच्या जुन्या पद्धतीची) आज्ञा अशी हजारो फील्डं माहीत असतात. एका भाषेतलं वाक्य दुसऱ्या खिडकीत टाकलं की चूक दाखवतो.

आणि एक जुना सापळा. 'आयपी डॉट ॲडर' या फील्डला 'बरोबर नाही'ची खूण लावून एखादा पत्ता वगळायला जाल, तर जुन्या आवृत्त्यांमध्ये तो पत्ता वगळला जात नाही. प्रत्येक पॅकेटमध्ये पाठवणारा आणि घेणारा असे दोन पत्ते असतात, आणि त्यातला एक जरी वेगळा असला तरी अट खरी ठरायची. ३.६ आवृत्तीपासून हे बदललं. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर पूर्ण 'बरोबर आहे'ची अट कंसात घालून बाहेर नकार लावा.

अनुस्वार · रात्री ११:०५

तारयंत्रांनी रस्त्याचं सांगितलं, मी अक्षरांचं सांगतो. पंचवीस वर्षं डीटीपी केलंय, मराठी शब्द संगणकात किती वेषांत फिरतो हे रोज पाहतो.

'वेतन' हा शब्द तुम्हाला तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये तो चार चिन्हांचा आहे: व, एकाराची मात्रा, त, न. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या एका पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे तारेवर बारा बाइट जातात. 'व'चे बाइट, सोळाच्या अंकपद्धतीत, ई० ए४ बी५. मात्रेचे ई० ए५ ८७. वेबच्या फॉर्ममधून किंवा पत्त्यातून तोच शब्द गेला तर प्रत्येक बाइटच्या आधी टक्क्याची खूण लागते आणि बारा बाइटचे छत्तीस होतात. विंडोजच्या फाइल शेअरिंगमध्ये फाइलचं नाव यूटीएफ-१६ मध्ये जातं, तिथे प्रत्येक चिन्ह दोन बाइटचं आणि उलट्या क्रमाने. ईमेलला जोडलेली फाइल बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या रोमन अक्षर-अंकांत बदललेली. एकच शब्द, पण तारेवर चार वेगळी रूपं. तुम्ही त्यातलं एकच शोधलंत.

त्यात आपल्या लिपीची खास दुखणी वेगळी. 'ॲ' हे एकच चिन्ह म्हणूनही टंकता येतं आणि 'अ' अधिक चंद्र असंही. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन पद्धतींनी लिहितात. डोळ्यांना सारखंच, बाइट वेगळे. आणि कार्यालयात जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉण्टमध्ये काम चालत असेल तर फाइलमध्ये देवनागरी नसतेच, रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फॉण्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. तिथे 'वेतन' युनिकोडमध्ये शोधणं म्हणजे ज्या गावी माणूस गेलाच नाही तिथे त्याचा पत्ता विचारणं.

सगळ्यात मोठं कारण मात्र याहून साधं आहे. वर्डची आजची फाइल ही झिप फाइल असते. आतला मजकूर दाबून भरलेला असतो, त्यामुळे फाइल उघड्या तारेवरून गेली तरी त्यातला एकही शब्द पॅकेटमध्ये वाचता येणार नाही. दाबल्या जात नाहीत त्या फक्त झिपच्या आतल्या फाइलींच्या नावाच्या पाट्या. म्हणून मजकूर सोडा आणि 'वर्ड', तिरकी रेघ, 'डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल' ही पाटी शोधा. किंवा सुरुवातीची दोन अक्षरं 'पी' आणि 'के', पुढे ०३ ०४. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची ती आद्याक्षरं आहेत. ईमेलमधलं बेस-६४ सोडलं तर, उघड्या तारेवरून गेलेली वर्ड फाइल ही पाटी घेऊनच जाते.

तारयंत्र · रात्री ११:३१

अनुस्वार, उत्तम. एक पुरवणी: 'कंटेन्स' (अमुक मजकूर आत आहे का) हा फिल्टर एकेका पॅकेटपुरतं बघतो. टीसीपीचा एक तुकडा साधारण १४६० बाइटचा, आणि पाटी नेमकी दोन तुकड्यांच्या सीमेवर आली तर अर्धी इकडे, अर्धी तिकडे, सापडत नाही. म्हणून एकाच पाटीवर विसंबू नका, दोनतीन वेगवेगळ्या शोधा. शिवाय 'कंटेन्स' लहानमोठ्या रोमन अक्षरांत फरक करतो, 'मॅचेस' (नमुन्याशी जुळवणारा) करत नाही.

कोकणकडा · शनिवार, सकाळी ७:४०

मी वकिली करतो, तेव्हा तांत्रिक बाजूत पडत नाही. पण ताई, हे कॅप्चर करायची परवानगी कुणी दिली? आणि आता त्यात कर्मचाऱ्यांचा शोध घ्यायची? मंदपणा तपासायला घेतलेली सामग्री माणूस शोधायला वापरणं हा वेगळा हेतू झाला. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा प्रमुखाच्या परवानगीविना संगणकातून वा नेटवर्कमधून माहिती उतरवून घेणं येतं. तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय, तरी लेखी आदेश घ्या. त्यात कोणते दिवस, कोणती फाइल, कोण बघणार, केव्हा पुसणार, हे चारही असू द्या. सहकाऱ्यांच्या खासगी गप्पा, बँक, दवाखाना, सगळं त्या १४ जीबीत आहे. टीएलएसमुळे मजकूर दिसत नसला तरी कोण कुठल्या दवाखान्याच्या संकेतस्थळावर गेलं हे दिसतं.

आणि आजच मूळ फाइलचा हॅश (फाइलच्या बाइटांवरून निघणारा, तिचा ठसा म्हणावा असा आकडा) काढून तारीख-वेळेसह कागदावर लिहा, दुसऱ्या कुणाची सही घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशचं मूल्य आणि पद्धत लिहावी लागते. प्रकरण न्यायालयात जाईलच असं नाही. पण एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून ती शिस्त पाळाच.

बेलापूर_लोकल · सकाळी ९:१५

ताई, मी सिक्युरिटी ऑपरेशन्समध्ये आहे. एक सुचवतो: कॅप्चर झीकमधून काढा. व्हर्न पॅक्सन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेलं हे साधन, आधी त्याचं नाव ब्रो होतं. ते पॅकेट दाखवत नाही, त्यांच्या नोंदवह्या बनवतं: जोडण्यांची वेगळी, डीएनएसची वेगळी, एफटीपीची वेगळी, आणि फाइलींची वेगळी. फाइलींच्या वहीत प्रत्येक उघड्या फाइलचा प्रकार, आकार आणि चालू केलं असेल तर हॅशही येतो, आणि प्रत्येक जोडणीला दिलेल्या ओळख क्रमांकावरून ती कुठल्या संगणकातून गेली ते कळतं. १४ जीबी चाळायला रात्र लागेल, वाचायला मात्र दहा मिनिटं.

आणि मेटाडेटाला, म्हणजे फाइलच्या गुणधर्मांतल्या माहितीला, कमी लेखू नका. अमेरिकेत विचिटा शहरात डेनिस रेडर हा साखळी खुनी तीस वर्षं सापडला नव्हता. २००५ मध्ये त्याने पाठवलेल्या फ्लॉपीवरच्या पुसलेल्या वर्ड फाइलमध्ये एका चर्चचं नाव आणि 'डेनिस' एवढंच निघालं, आणि काही दिवसांत तो पकडला गेला.

तारयंत्र · सकाळी १०:०२

ते उदाहरण पूर्ण सांगायला हवं. 'डेनिस' या नावावर पोलिसांनी त्याला अटक केली नाही. नाव मिळाल्यावर त्यांनी त्याच्या मुलीच्या वैद्यकीय नमुन्यातला डीएनए जुळवला आणि मग अटक केली. फाइलमधलं नाव हा धागा होता, निकाल नव्हे. ताईंच्या कार्यालयात नेमकं उलटं झालंय.

निळीशाई, व्हॉट्सॲपवर फिरलेली फाइल तुमच्याकडे आहे ना? व्हॉट्सॲप फोटोंतली माहिती काढून टाकतं, पण कागदपत्र म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी जाते. तिच्या प्रतीच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) बदलून 'झिप' करा आणि उघडा. 'डॉकप्रॉप्स' नावाच्या फोल्डरमध्ये 'कोर' आणि 'ॲप' अशा दोन एक्सएमएल फाइली आहेत. सगळं इथे लिहा. फक्त नाव लिहू नका.

निळीशाई · दुपारी १:३०

कोकणकडा, आभार. सकाळी सचिवांना भेटले, तुम्ही सांगितलेल्या चारही मुद्द्यांसह लेखी आदेश मिळाला. एसएचए-२५६ हॅश काढून ग्रंथपालांची सही घेतली.

'कोर' फाइलमध्ये असं आहे. निर्माता: लिपिकांचं नाव. निर्मिती: २०१९. शेवटचा बदल करणारा: 'ऑफिस'. शेवटचा बदल: बुधवार, ०५:१२, आणि त्यापुढे रोमन 'झेड' हे अक्षर. झिपच्या आतल्या फाइलींवर मात्र तारीख १ जानेवारी १९८० दिसते. कुणी छेडछाड केली का?

तारयंत्र · दुपारी १:४८

१९८०चं सोडून द्या, वर्ड झिपच्या आत नेहमी तीच तारीख लिहितं.

'झेड' हे सगळ्यात महत्त्वाचं. ती वेळ यूटीसी आहे, ग्रीनिचची. आपल्या घड्याळात साडेपाच तास मिळवा. बुधवारी सकाळी १०:४२. पहाट नव्हेच! कार्यालय भरलेलं असण्याची वेळ. वायरशार्क मात्र मुळात पॅकेटची वेळ तुमच्या संगणकाच्या प्रमाणवेळेत दाखवतो, त्यामुळे दोन्हींची तुलना करताना घोळ होतो. एक वही करा आणि सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेत लिहा.

निर्मिती २०१९ ची आहे. म्हणजे त्या वर्षी लिपिकांनी कुठलं तरी पत्र केलं, नंतर कुणी त्याच फाइलची प्रत करून नाव बदललं आणि आतला मजकूर बदलला. निर्मात्याचं नाव तसंच राहतं. आपल्या सरकारी-निमसरकारी कार्यालयांत नवं पत्र कोऱ्या पानावर कुणी करत नाही, जुनं उघडून त्यावर करतात. एका हुशार लिपिकाने दहा वर्षांपूर्वी केलेला नमुना अख्खी संस्था वापरते, आणि प्रत्येक पत्रावर 'ऑथर' म्हणून त्याचंच नाव. 'ऑफिस' हे वर्ड बसवताना टाकलेलं वापरकर्त्याचं नाव, बहुधा तुमच्या सगळ्या संगणकांवर एकच असेल.

निळीशाई · दुपारी २:१५

सगळ्यांवर एकच आहे, आत्ताच तीन संगणकांवर पाहिलं. आणि बुधवारी सकाळी लिपिक जिल्ह्याच्या ठिकाणी वेतन पथकाच्या कार्यालयात होते. हालचाल नोंदवहीत १०:०५ला बाहेर पडल्याची त्यांची सही आहे. तेवढं सचिवांना लगेच फोनवर सांगितलं. आता फाइल गेली कशी ते शोधते. झीक लावलंय.

अनुस्वार · दुपारी २:४०

शोधताना फाइलचं नाव रोमनमध्येही असू शकतं हे लक्षात ठेवा. मजकूर मराठीत, पण नाव रोमन लिपीत 'वेतन फरक ड्राफ्ट', अशी आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. आणि वायरशार्कच्या शोधखिडकीत 'नॅरो' आणि 'वाइड' असा पर्याय आहे. फाइल सर्व्हरवरची नावं शोधताना 'वाइड' निवडा, नुसतं 'नॅरो' असेल तर यूटीएफ-१६ मधलं काहीच दिसणार नाही.

निळीशाई · रविवार, रात्री ८:१०

सापडलं. क्रमाने लिहिते, पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

झीकच्या फाइलींच्या वहीत बाहेर जाणाऱ्या उघड्या वर्ड फाइली मोजक्याच होत्या, आणि सगळ्या एफटीपीवरून, बुधवारी रात्री ११:३०ला. पाठवणारा संगणक आमचा फाइल सर्व्हर. रात्री साडेअकराला तिथे माणूस नसतो. मग वायरशार्कमध्ये त्याच दहा मिनिटांचा तुकडा घेतला आणि डिस्प्ले फिल्टरमध्ये एफटीपीच्या आज्ञेचं फील्ड 'स्टोर'च्या बरोबरीचं ठेवलं. स्टोर म्हणजे सर्व्हरवर फाइल ठेवायची आज्ञा. अकरा ओळी आल्या. नववी ओळ रोमनमध्ये 'वेतन फरक ड्राफ्ट फायनल'. अनुस्वार, तुमचं अगदी खरं ठरलं.

आमच्या संकेतस्थळावर सूचना चढवायला कुणीतरी काही वर्षांपूर्वी एक स्क्रिप्ट लावलीय. सर्व्हरवरच्या 'सूचना' फोल्डरमध्ये जे काही असेल ते ती रोज रात्री चढवते. त्या फोल्डरला वेबवर यादी दाखवण्याची मुभा चालू होती, त्यामुळे सूचनांचं पान उघडणाऱ्या कुणालाही मसुदा दिसला असता. कुणी तरी सकाळी पाहिला आणि पुढे पाठवला.

ही तीच फाइल आहे का, हे ठरवायचं होतं. मी सुरुवातीला फक्त पोर्ट २१ वर फिल्टर लावून बसले होते आणि फाइलचा मजकूर काही मिळेना. मग कळलं की २१ वर फक्त आज्ञा जातात, मजकुरासाठी दर वेळी वेगळा पोर्ट उघडतो. एक्स्पोर्ट ऑब्जेक्ट्समधून एफटीपी-डेटा निवडून फाइल बाहेर काढली. तिचा आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलचा एसएचए-२५६ ताडून पाहिला. चौसष्टच्या चौसष्ट अंक जुळले. मी दोनदा केलं, मग ग्रंथपालांना करायला लावलं.

राहिला प्रश्न ती फाइल 'सूचना'मध्ये आली कशी. पोर्ट ४४५, म्हणजे विंडोजचं फाइल शेअरिंग, बुधवारी सकाळी साडेदहा ते अकरा, 'वाइड' शोध. १०:४२ला लेखा विभागातल्या संगणकाने ती फाइल तिथे लिहिली आहे. शेजारीच 'सूचना मसुदे' नावाचं फोल्डर आहे. विभागातल्या बाईंना विचारलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, 'हो, मीच सेव्ह केली, मला वाटलं मसुद्यात गेली.' त्यांनी ते स्वतः सचिवांसमोरही सांगितलं.

कोकणकडा · रात्री ८:३५

फार चांगलं केलंत. संकेतस्थळावरून फाइल काढली ना? आणि वेब सर्व्हरच्या लॉगची प्रत घ्या, किती जणांनी उतरवली ते संस्थेला कळायला हवं. ज्यांच्या रकमा बाहेर गेल्या त्या साठ जणांना संस्थेने स्वतःहून लेखी कळवावं, असं मी सुचवेन.

बेलापूर_लोकल · रात्री ८:५२

ताई, त्या एफटीपीच्या आज्ञांमध्ये संकेतस्थळाचा पासवर्डही उघडा दिसला असेल. तो आजच बदला, आणि मग एसएफटीपीवर, म्हणजे सांकेतिक आवरणातून फाइल पाठवण्याच्या पद्धतीवर, जा. तारयंत्र, रेडरचं तुम्ही बरोबर सांगितलंत. मी अर्धीच गोष्ट सांगितली होती.

निळीशाई · सोमवार, संध्याकाळी ६:२०

फाइल काढली, यादी बंद केली, पासवर्ड बदलला. स्क्रिप्ट आता एसएफटीपीवर आहे, आणि वर्डच्या फाइली चढवतच नाही, फक्त पीडीएफ. पीडीएफमध्येही ऑथरचं नाव राहतं, म्हणून चढवण्याआधी एक्झिफटूल या साधनाने गुणधर्म पाहायचे असं सूचना चढवणाऱ्या दोघांना बसवून शिकवलं. साठ जणांना कळवण्याचं पत्र उद्या निघेल. ते मी कोऱ्या पानावर करून दिलं.

आदेशात ठरल्याप्रमाणे शुक्रवारी १४ जीबी पुसणार आहे. हॅशचा कागद, काढलेली फाइल आणि वेळांची वही तेवढी सचिवांच्या कपाटात राहील.

खुलाशाची नोटीस मागे घेतल्याचं पत्र दुपारी तीनला लिपिकांच्या हातात पडलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि विचारलं, 'मॅडम, तो २०१९ चा नमुना आता बदलून देऊ का, माझं नाव काढून?' आम्ही दोघांनी मिळून एकोणीस नमुने साफ केले, आत्ताच संपलं.